साडेतीन फुटी दार

भास्कर बाविस्करांनी अथालच्या प्लॉटवर घर काढलं आणि त्यात दुसऱ्या बाईसाठी खोली ठेवली, ही कुजबुज सिल्वासातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली. बिल्डिंगला लिफ्ट नाही, तरी. कोणी म्हणे बाई किलवणीची, कोणी म्हणे कंपनीच्या पॅकिंग खात्यातली. पुरावा मात्र पक्का होता. नकाशात तळमजल्याला मागच्या अंगाला एक खोली, तिला स्वतःचं बाथरूम, थेट अंगणात उघडणारं दार, आणि ते दार साडेतीन फूट रुंद.

"बाई अंगाने चांगली भरलेली असणार," समोरच्या मेधाताई म्हणाल्या, आणि जिन्यातल्या तिघीजणी तोंडाला पदर लावून हसल्या.

आता भास्कररावांकडे बघून कोणाला असं सुचावं, हेच नवल. माणूस मूळचा पारोळ्याचा, पंचवीस वर्षं धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला. लग्नाच्या फोटोतसुद्धा खिशातून मेजर टेप डोकावतोय. नवं मशीन यायचं असलं की हे आधी जमिनीवर खडूने ते आखणार, एखाद्याला रिकामी ट्रॉली घेऊन त्याभोवती फिरवणार, पावलं मोजणार, आणि मगच बोल्ट ठोकू देणार. घराचंही तसंच. खानवेलचा झिपरू मिस्त्री पायासाठी चुन्याच्या चार रेघा मारायला आला, तर साहेबांनी त्याच्याकडून आतल्या भिंती, ओटा, मोरी, अगदी पलंगसुद्धा चुन्यात आखून घेतला.

"वर चार पत्रे टाकून देतो साहेब," झिपरू म्हणाला. "चुन्यातच राहायला या."

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी बायकोला घर दाखवायला आणलं. सुलभाबाई मराठी शाळेतल्या मास्तरीण. चुन्याच्या उंबरठ्यापाशी त्यांनी चपला काढल्या आणि रीतसर दारातून आत आल्या. झिपरू घमेलं घेऊन भिंतीतून आरपार गेला, तर त्याच्यावर डाफरल्या.

"जिना कुठाय?"

"मागे."

"आणि माझी वरची खोली? गॅलरी? दमणगंगा दिसेल म्हणाला होतात."

"वर पाहुण्यांना ठेवू. आपण खालीच बरे."

"मग ही मागची कोणाची?"

"सामानाची."

"सामानाला बाथरूम लागतं का हो?"

भास्करराव टेप गुंडाळत राहिले. फेब्रुवारीत सुरतेच्या डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावलं होतं, सुलभाबाई बाहेर तपासणीचं रक्त द्यायला बसल्या होत्या तेव्हा. स्नायूंचा आजार. आधी पाय जातील, मग हात, मग श्वास. दीड-दोन वर्षं. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "व्हिटॅमिन कमी आहे म्हणतात." आणि त्याच संध्याकाळी नकाशा खोडून नवा काढायला बसले. चाकाची खुर्ची सव्वादोन फूट, ती ढकलणारा माणूस, वळायला जागा. म्हणून साडेतीन. तिला काही न सांगता ती चाकांवर नीट फिरेल असं घर उभं करायचं, एवढं एकच काम त्या माणसाने डोक्यात घेतलं. त्या रविवारी चुन्याच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत सुलभाबाई चालल्या, तेव्हा भास्कररावांनी मनात पावलं मोजली. अकरा.

अफवा त्यांच्या कानावर आली ती कंपनीच्या कँटीनमध्ये. "भास्करभाऊ," त्यांच्याच खात्यातला वाल्मिक म्हणाला, "एका प्लॉटवर दोन संसार? लेआउट जरा आम्हाला पण शिकवा की." अख्खं टेबल हसलं. भास्कररावांनी ताकाचा ग्लास संपवला. लोकांनी आपल्याला बाहेरख्याली म्हणावं, तिनेही म्हणावं, पण त्या खोलीचा खरा उपयोग तिच्या कानावर जाऊ नये. बायको आपल्यावर रागावू दे असं देवाकडे मागणारा नवरा सिल्वासात तेव्हा एकच असेल.

बांधकामाची मंजुरी लांबली. पावसाळ्यात चुना धुऊन गेला. दसऱ्यानंतर झिपरूने पुन्हा आखणी केली आणि सुलभाबाई पुन्हा आल्या, या वेळी नवऱ्याचा दंड धरून. चपला काढायला वाकता येईना, तर म्हणाल्या, "तुम्ही काढा." त्यांनी काढल्या. बाई थेट मागच्या खोलीत गेल्या, चुन्याच्या पलंगापाशी थांबल्या आणि तिथून बाथरूमकडे निघाल्या. भास्करराव मोजत होते. बारा, तेरा, चौदा.

"एकोणीस," पोचल्यावर सुलभाबाईच म्हणाल्या. "मार्चमध्ये अकरा होती."

भास्कररावांच्या हातातला टेप सटकन आत गेला.

"अहो, तीस वर्षं मी पोरांच्या रजेच्या खोट्या चिठ्ठ्या वाचल्यात. तुमच्या व्हिटॅमिनवर विश्वास ठेवीन? फाईल कपाटात साड्यांखाली ठेवलीत. माझ्याच साड्यांखाली."

ते मटकन खाली बसले, नेमके भिंतीच्या रेघेवर. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात टेकला, आधारासाठीच.

"उठा, भिंत पुसतेय," त्या म्हणाल्या. "आणि पलंग फिरवा. डोकं इकडे, तोंड खिडकीकडे. नुसतं छत बघत किती दिवस काढू मी?"

झिपरूने चुन्याचा पलंग पायाने पुसला आणि फिरवून आखला. रेघ दोनदा वाकडी आली. एरवी साहेबांनी दोरी धरायला लावली असती.

डॉक्टरांची दीड-दोन वर्षं काही भरली नाहीत. माघात सुलभाबाईंना न्युमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हा खालच्या स्लॅबचे टेकूसुद्धा काढलेले नव्हते. घर पुढे पूर्ण झालं, नकाशाबरहुकूम. भास्करराव त्या मागच्या खोलीत एकटे राहतात. पलंगाचं तोंड खिडकीकडे आहे. बाथरूमला त्यांना नऊ पावलं लागतात.

तेराव्याला मेधाताई आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ती बाईची गोष्ट. ती मला सुलभानेच सांगितली होती. मार्चमध्ये, जिन्यात. वर म्हणाली, कोणाला सांगू नको."

"का सांगितली?"

"तेव्हा कळलं नाही. शेवटी दवाखान्यात विचारलं मी. म्हणाली, बिल्डिंगमधल्या बायका आजारी म्हणून बघायला आल्या असत्या तर तोंडं पाडून बसल्या असत्या. या निमित्ताने वर्षभर हसत तरी आल्या."

दुसरी बाई नव्हती. खोली सुलभाबाईंसाठी होती. अफवा त्यांनीच उठवली होती.