सायलेन्सरवरचा बर्फ

काया ग्रेनरूडच्या गाडीत पुढची सीट मिळावी म्हणून सोल्वेगनं वर्षभर काय काय केलं, ते विचारू नका. नॉर्थ डाकोटाच्या उणे पंचवीसच्या थंडीत ही बया कायासारखे पातळ बूट घालून हिंडायची. इथल्या पोरींची ही जुनीच खोड: गाडीतून दारातच तर उतरायचंय, कोट कशाला?

त्या शनिवारी दुपारी सामन्याहून परतताना मागे मार्गिट होती, गोठेवाल्याची मुलगी. कायाच्या आईनं तिला बळेच बसवून दिलेलं. अंगात बापाचा ढगळ कोट.

"गोठा सोबतच आणलास का गं?" सोल्वेग म्हणाली. काया हसली आणि सोल्वेगला मूठभर मांस चढलं.

अर्ध्या वाटेत हिमवादळानं गाठलं. पुढचं काही दिसेना, आणि गाडी घसरून कडेच्या चरात गेली. फोनवर कळलं, बर्फ काढणारा ट्रक यायला दोन तास.

"हीटर हवा तर इंजिन चालू हवं, आणि सायलेन्सरवरचा बर्फ काढत राहायला हवा," मार्गिट म्हणाली. "तो बुजला तर विषारी धूर आत येईल. बसल्या जागी मरू."

दर दहा मिनिटांनी ती उतरायची, बर्फ उपसून परत यायची. चौथ्या खेपेला ती बाहेर पडली आणि कायानं दारं लॉक केली.

"दर वेळी गाडी गार करते. राहू दे जरा बाहेर, कोट आहे ना तिचा."

मार्गिटनं काच वाजवली. सोल्वेगनं मान खाली घातली. हो, खाली घातली. लाज वाटते सांगायला. काच पुन्हा वाजली. मग वाजायची थांबली.

आता मात्र सोल्वेगनं दाराकडे हात नेला. तिनं लॉक उघडलं.

"उतरलीस तर परत माझ्या गाडीत बसायचं नाही," काया म्हणाली.

"नाही बसत."

गाडीला धरत धरत ती मागे गेली. मार्गिट गुडघ्यांवर बसून बर्फ उपसत होती.

"अगं, काच वाजवायची का थांबलीस?" सोल्वेगनं विचारलं.

"तुम्ही उघडेनात. म्हटलं, हा तरी बुजायला नको."

सोल्वेग तिच्याशेजारी बसली आणि उघड्या हातांनी उपसू लागली.

ट्रक आला. ड्रायव्हरनं वाकून बघितलं. "सायलेन्सर मोकळा ठेवलात म्हणून वाचलात, पोरींनो. अक्कल कोणाची?"

"आमची," काया काच खाली करत म्हणाली.

सोल्वेगचे दात वाजत होते.

"मार्गिटची," ती म्हणाली. "आणि आम्ही तिला बाहेर ठेवून दार लावलं होतं. मीसुद्धा."