कंत्राटदाराचा मुलगा कलोसियम बघतो

आमच्या घरात दगड सोडून दुसरं काहीच मुबलक नव्हतं. वडील पाथरवट. जामखेडच्या आसपासच्या गावांतून खांद्याला पिशवी लावून हिंडायचे, जात्या-पाट्याला टाकी लावून द्यायचे, आणि कुणी विहीर बांधायला काढली की तिचे दगड घडवायचे. मजुरी ज्वारीत मिळायची, म्हणजे ज्यांच्याकडं पिकली असेल त्यांच्याकडून. आमच्या भागात पाऊस कमी, त्यामुळं मजुरी द्यायची इच्छा असलेले पुष्कळ आणि ज्वारी असलेले थोडे. आई डोक्यावरून खडी वाहायची. वाहून वाहून तिच्या डोक्यावर मधोमध केस उरले नव्हते, आणि ते दिसू नये म्हणून ती पदर इतका पुढं ओढायची की गावातल्या बायका तिला फार मर्यादशील समजत. वडिलांच्या उजव्या डोळ्यात कपची गेली तेव्हा चार दिवस फडकं बांधून ते घरी बसले. पाचव्या दिवशी उठले आणि म्हणाले, "वळंबा सरळ लोंबतोय का त्ये बघाया एकच डोळा लागतो."

मी थोरला. माझ्या दहाव्या वर्षी वडिलांना गोदाकाठी पुणतांब्याला घाटाच्या पायऱ्या दुरुस्त करायचं काम मिळालं. इतकं मोठं काम त्यांना त्याआधी मिळालं नव्हतं आणि पुढंही मिळालं नाही. शेजारशेजारच्या दोन दगडांना भोकं पाडायची, त्यात लोखंडाची वाकवलेली कांब बसवायची आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं, म्हणजे नदीला पूर आला तरी दगड हलत नाही. शिसं वितळवून ओतणं माझ्याकडं होतं. ओतण्याआधी भोक फडक्यानं कोरडं करायचं असतं. एकदा मी ते केलं नाही. शिसं उसळलं आणि डाव्या मनगटावर रुपयाएवढा डाग पडला. वडिलांनी आधी भोक बघितलं, मग मनगट.

पुढं नगरच्या एका बोर्डिंगात माझी सोय झाली आणि मी मॅट्रिक झालो. आमच्या सगळ्या भावकीत अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. कॉलेजचं नाव काढायची ऐपत नव्हती. लढाई चालू होती, पलटणीला कारकून हवे होते, म्हणून भरती झालो. भरतीच्या फॉर्मवर 'वडिलांचा धंदा' असा रकाना होता. रांगेत माझ्या पुढच्याचे वडील तलाठी होते, मागच्याचे दुकानदार. मी टाक शाईत बुडवला. तो रकान्यावर जरा अडला. मग लिहिलं : कंत्राटदार. वडील विहिरीचं काम अंगावर घ्यायचे, तेव्हा ते एका परीनं कंत्राटच, अशी मनाची समजूत घातली. मॅट्रिक झाल्याचा पहिला उपयोग मी हा केला.

एक खोटं लिहिलं की त्याला शोभतील अशी आणखी चार बोलावी लागतात. मनगटावरचा डाग कशाचा, असं पलटणीत कुणी विचारलं की मी सांगायचो, शाळेत रसायनाचा प्रयोग करताना भाजलं. आमच्या शाळेत रसायन नावाची वस्तू म्हणजे फळा पुसायचं पाणी.

इटलीत आम्ही वर वर सरकत गेलो. मी लढलो असं म्हणणार नाही. जे लढले त्यांची रजा, पगार आणि मेलेल्यांच्या घरी पाठवायची पत्रं मी लिहिली. चव्वेचाळीस साली रोम पडल्यावर पलटणीतल्या जवानांना पाळीपाळीनं तिथं रजा मिळू लागली. रजेवर माणसानं काय करावं हे सरकारनं ठरवून ठेवलं होतं : सकाळी प्राचीन अवशेष, दुपारी जेवण, संध्याकाळी परत.

आमच्या कंपनीच्या कप्तानसाहेबांनी मला बोलावलं. पलटणीत जवानांना लिहायला-वाचायला शिकवणारा एक हवालदार नेमायचा होता आणि त्यासाठी त्यांना एक नाव पाठवायचं होतं. त्या जागेवर काम केलेल्याला लढाईनंतर कॉलेजची फी माफ व्हावी म्हणून साहेब स्वतः शिफारसपत्र देणार होते. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. साहेब म्हणाले, "उद्या पंचवीस जवान कलोसियम बघायला जातील. वाटाड्या इंग्रजीत बोलेल, तू त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांग. मी बघत राहीन."

साहेबांना मराठीतले दोनच शब्द येत : 'चला' आणि 'लवकर'. तेव्हा मी काय सांगतो ते त्यांना कळणार नव्हतं. ऐकणाऱ्यांच्या तोंडावरून ते परीक्षा घेणार होते. माझं कॉलेज त्या पंचवीस तोंडांवर येऊन टेकलं होतं, आणि त्यातलं सर्वांत वाईट तोंड कोल्हारच्या नाईकांचं. प्रवरेकाठचा माणूस, हुद्द्यानं नाईक, वयानं आम्हा सगळ्यांत मोठा, दोनदा जखमी झालेला, आणि साहेब सोडून कुणाचीही भीड न ठेवणारा.

दुसऱ्या दिवशी वाटाड्या कलोसियमच्या दारातच उभा होता. कोट जुना पण बटणं सगळी लावलेली, मिशा मेण लावून टोकदार केलेल्या. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची पूर्वी कधी गाठ पडलेली नव्हती. तो एका दमात पंधरा वाक्यं बोलायचा, हात असे फिरवायचा की जणू ती इमारत त्यानं आत्ताच उभी केली, आणि मग माझ्याकडं बघायचा. मला त्यातली तीन कळायची. मी जवानांना म्हणालो, "ही इमारत लई जुनी आहे."

"एवढंच?" नाईक म्हणाले. "त्यो तर मघाधरनं वरडतोय."

"लई म्हणजे लईच जुनी."

"ह्यो परवापतुर जर्मनांना दावत आसंल ह्येच," नाईक म्हणाले. "त्यांच्याकडनं शिग्रेटी घेतल्या, आता आपल्याकडनं घील. दगुड त्येच."

जवान हसले. साहेबांना वाटलं, मी काहीतरी मजेशीर सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं.

ते फार वेळ टिकलं नाही. आत गेल्यावर एक उंच क्रूस उभा होता. वाटाड्यानं टोपी काढली आणि आवाज खाली आणून सांगितलं की इथं पूर्वी धर्मासाठी माणसं मारली गेली, म्हणून ही जागा पवित्र मानतात. हे मात्र मला पुरतं समजलं. इतका वेळ न समजल्याची भरपाई म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "हे पवित्र ठिकाण आहे. देवाची जागा आहे."

पंचवीसच्या पंचवीस जण मटकन खाली बसले आणि बूट सोडायला लागले.

फौजी बूट सोडणं म्हणजे वहाण काढणं नव्हे. आधी घोट्यावरचे पट्टे, मग हातभर नाड्या. निम्म्यांचे बूट निघाले, काहींचे मोजेही. वाटाड्या आधी बघत राहिला आणि मग मिशांआड हसायला लागला. कप्तानसाहेब चालत आले.

"तू यांना काय सांगितलंस?"

"ही जागा पवित्र आहे म्हणून, सर."

"मग बूट का काढतायत?"

मी म्हणालो, "जागा पवित्र आहे म्हणून, सर."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मी वळून म्हणालो, "बूट घाला. तसलं पवित्र नाही."

नाईकांच्या हातात एक बूट होता, दुसरा पायात. ते म्हणाले, "मास्तर, द्येव हाय का न्हाई त्ये येकदा ठरवा. माजी नाडी लई लांब हाय."

बूट चढवण्यात पाव तास गेला. साहेबांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. एका ओळीत माझं कॉलेज बुडालं, असं मी धरून चाललो.

पुढं आम्ही वरच्या कठड्याशी गेलो आणि खाली बघितलं. मधली जमीन उखडलेली, खालच्या खोल्यांच्या भिंती उघड्या पडलेल्या, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. वाटाड्यानं सांगितलं, हजारो लोक बसायचे आणि माणसं माणसांशी लढायची. हे जवानांना फोडून सांगावं लागलं नाही. जत्रेतल्या कुस्तीचा फड सगळ्यांनीच बघितला होता.

"इनाम काय आसायचं?" एकानं विचारलं.

मी वाटाड्याला विचारून सांगितलं, "जो जिंकेल तो जिवंत राहायचा."

"आन बघणाऱ्यास्नी?"

"भाकरी मिळायची. फुकट."

नाईक पायऱ्यांकडं बघत राहिले. "म्हंजी आपल्यावानीच की," ते म्हणाले. "फकस्त आपल्याला बघाया कुनी बसलेलं न्हाई."

साहेबांनी विचारलं, जवान काय म्हणतोय? मी सांगितलं, इमारत भव्य आहे असं म्हणतोय.

वाटाड्याला आता बूट काढणाऱ्या लोकांची मौज वाटू लागली होती. त्यानं मला हळूच, पण साहेबांना ऐकू जाईल इतपत हळूच, विचारलं, "तुमच्या देशात दगडाची घरं असतात का? की सगळ्या झोपड्याच?"

हे मी कुणालाच सांगितलं नाही. पण ते जिथं जाऊन बसायचं तिथं बसलं.

मग तो आम्हाला खाली एका जाडजूड खांबाजवळ घेऊन गेला. दगडाला जागोजाग भोकं होती, मूठ जाईल एवढाली. वाटाड्या खेदानं म्हणाला, "हे रानटी लोकांचं काम. पूर्वेकडून आले. त्यांच्या भाल्यांचे हे घाव." आणि 'पूर्वेकडून' म्हणताना त्यानं आमच्यावरून एक नजर फिरवली.

मी भोकाकडं बघितलं. मग त्याच्या बाजूच्या भोकाकडं. मग वरच्या. सगळी सांध्यावर होती. भाला काही सांधा बघून बसत नाही.

"साफ खोटं," मी म्हणालो. मराठीत. मग इंग्रजीत म्हणालो.

वाटाड्याच्या मिशा थरथरल्या. कप्तानसाहेब म्हणाले, "हा माणूस आयुष्यभर या इमारतीत फिरतोय. तुला येऊन तास झालाय."

"सर, हे दोन दगड जोडायला आत लोखंडाच्या कांबी होत्या. वरून शिसं ओतलेलं. पुढं कुणीतरी लोखंडासाठी भोकं पाडून कांबी चोरल्या. भाल्यांचा काही संबंध नाही."

मी शेजारच्या जवानाचा चाकू मागून घेतला. एका भोकात आत, मागच्या बाजूला काळपट गोळा चिकटलेला होता. त्यावर पातं ओढलं. खालून चकचकीत राखी रंग निघाला. साहेब वाकले. त्यांनी नखानं खरवडलं, नखाला रंग लागला. ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी जे विचारू नये असं मला वाटत होतं तेच विचारलं.

"तुला हे कसं माहीत?"

पुस्तकात वाचलं, असं म्हणायला काही हरकत नव्हती. मॅट्रिक झालेल्या माणसाला ते शोभलंही असतं. शिफारसपत्र, फॉर्म, कंत्राटदार, सगळं डोळ्यांपुढून गेलं. फॉर्मवर खोटं लिहिणाऱ्या कारकुनाला कुठला साहेब शिक्षक नेमील? पण त्या मिशीवाल्यासमोर, दगडाच्या बाबतीत, माझं ज्ञान पुस्तकातलं म्हणून सांगायचं हे मला जमेना. सत्याची चाड वगैरे म्हणणार नाही. मला गर्व झाला होता, एवढंच.

"माझे वडील पाथरवट आहेत, सर. दगड फोडतात, घडवतात. नदीच्या घाटावर हे काम त्यांनी केलंय. शिसं मी ओतलंय." आणि बाही वर करून मनगट पुढं केलं.

साहेबांनी मनगटावरचा डाग बघितला. "फॉर्मवर कंत्राटदार लिहिलंय."

"होय, सर. ते खोटं आहे."

त्यांनी परत वही काढली, लिहिलं आणि खिशात ठेवली. मग वाटाड्याला म्हणाले, "पुढं चला." वाटाड्या पुढं चालला, पण त्या दिवशी त्यानं आम्हाला आणखी एकही भोक दाखवलं नाही.

परतताना ट्रकमध्ये मी तोंड पाडून बसलो होतो. जवानांना इंग्रजी कळलं नसलं तरी मनगट कळलं होतं. मी नाईकांना म्हणालो, "तुम्हाला इतके दिवस खोटं सांगत होतो. माझे वडील..."

"पाथरवट. ठावं हाय."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापासनं. कंत्राटदाराचं पोर तंबूचा खुटा ठोकताना डोळं बारीक करतं व्हय? कपची उडंल म्हनून?" ते बाकीच्यांकडं वळले. "आन त्ये रसायन! आरं, ह्यो रसायन सांगाया लागला की आमी तोंड फिरवून हसायचो."

सगळा ट्रक हसला. दोन वर्षं मी जे लपवण्यासाठी जिवाचं रान केलं, ते लपलेलंच नव्हतं. माझा राग एवढाच होता, की निदान एकानं तरी आधी सांगायचं.

आठवड्यानं साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा फॉर्म होता. 'कंत्राटदार' वर लाल रेघ मारलेली, बाजूला रिकामी जागा. "इथं स्वतः लिही," म्हणाले. मी लिहिलं. मग त्यांनी मला सांगितलं की शिक्षण हवालदार म्हणून माझं नाव गेलं आहे. "तुझं भाषांतर अत्यंत वाईट आहे," ते म्हणाले, "पण निदान एक गोष्ट तुला खरोखर येते. जवानांना शिकवताना देवाचा विषय काढू नकोस."

लढाई संपल्यावर ते पत्र घेऊन मी पुण्याला गेलो. फी माफ झाली. कॉलेजच्या फॉर्मवरही तोच रकाना होता, आणि या वेळी टाक अडला नाही. चार वर्षांनी मी बी.ए. झालो. आमच्या भावकीत तोवर कुणी झालेलं नव्हतं.