डोळ्यातल्या पाण्याइतकं मीठ

आमटी चाखून सुनेने तोंड वाकडं केलं. "आई, किती खारट!" मला तर ती अळणीच लागत होती.

पेणच्या खाडीकाठची ती झोपडी आठवली. मी शिकाऊ नर्स, दिवसभर चालून पाय मोडून आलेले. तिथल्या पोराला जुलाब लागलेले. मिठागरावरून परतलेल्या त्याच्या आईला मी मीठ-साखरेचं पाणी करायला लावलं. "चाखून बघ, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको."

तिने चाखलं. "बरोबर हाय गो बाय."

मी घोट घेतला नि थुंकले. "पोराला मारशील!" म्हणत सगळं ओतून दिलं.

"मिठातच जल्म गेला गो. जिभेला कलत नाय आता," ती पुटपुटली. मला तेव्हा तो बहाणा वाटला.

आज सुनेला मी तेच म्हणाले, "जिभेला कळत नाही आता." तिने आमटीत पाणी घातलं.