अक्कांच्या कागदावरच्या तीन फुल्या

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने फोनवर सांगितलं, की तिच्याकडे चीनमधल्या कॅन्सरच्या रुग्णांचं अवधान, म्हणजे मन हातातल्या गोष्टीवर किती राहतं ते, मोजायचं काम चाललं आहे. मूळ प्रश्न इंग्रजीतले, ते चिनीत नेल्यावर त्यांतून तेच मोजलं जातं का, हे ती तपासते आहे. मग तिने विचारलं, "आजी, तुला झाला होता तेव्हा असं कुणी काही विचारलं होतं का?" मी म्हणाले, आठवत नाही. ते खोटं होतं. मला सगळं आठवतं, आणि ते कागदही माझ्याकडे आहेत. फोनवर सांगणं जमलं नसतं, म्हणून क्रमाने लिहिते.

तेव्हा आपण पाटोद्यात एकत्र राहायचो. खाली कापडाचं दुकान, वर घर. गावात एसटीडीचे पिवळे बूथ नवे होते आणि दुकानात थानांच्या शेजारी खोक्यातले तयार शर्ट यायला लागले होते. एकाच वर्षात घरातल्या दोन सुनांना कॅन्सर निघाला. आधी अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, गर्भाशयाचा. चार महिन्यांनी मला, छातीचा. ऑपरेशनं औरंगाबादला झाली. पुढे महिन्यातून एकदा बाहेरगावचे एक डॉक्टर बीडच्या दवाखान्यात येत, तिथे आम्ही दोघी एसटीने जायचो. दोघींच्या फायली, गोळ्यांच्या वेळा, डबे, सगळं माझ्याकडे. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली. अक्का बीडजवळच्या पाली गावच्या, चौथी झालेल्या. त्या मला मास्तरीण म्हणायच्या.

मला अक्कांचा मत्सर वाटायचा. सासूबाई आधी त्यांना हाक मारायच्या, तुमचे वडील लहानपणी त्यांच्याच कुशीत झोपायचे, तेही मनात होतंच. पण आजारपणात सगळ्यात जास्त खुपली ती त्यांची झोप. पाठ टेकली की दोन मिनिटांत त्यांना डोळा लागायचा. औषधाने दोघींनाही उलट्या व्हायच्या. मी प्रत्येक उलटी वहीत वेळेसकट लिहायचे आणि पुढचीची वाट बघायचे. अक्का चूळ भरून विचारायच्या, "आज भाजी काय हाय?"

आपल्या लिंगायतांत सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे बघत बसायचं असतं. तोवर तोंडात पाणी घ्यायचं नाही. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो. मी लिंगाकडे बघता बघता गोळ्या संपत आल्या का ते आठवायचे, दूधवाल्याची चाहूल घ्यायचे, केस परत कधी येतील याचे महिने मोजायचे. अक्का नुसत्या बघायच्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून मी त्यांच्याकडे बघायचे. माझी अर्धी पूजा अशी त्यांचीच व्हायची.

एका महिन्यात दवाखान्यात डॉक्टरांबरोबर एक मुलगी आली. शिकत होती. तिच्याकडे झेरॉक्स केलेले कागद होते, प्रत्येकावर चौदा वाक्यं आणि पुढे पाच खाने, "नेहमी"पासून "कधीच नाही"पर्यंत. इंग्रजीवरून केलेलं मराठी इतकं अवघड होतं की बायका कागद उलटा-सुलटा करून परत देत होत्या. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि आम्ही दोघींनी ती वाक्यं सोपी केली. कितीतरी महिन्यांनी मला कुणीतरी आजाराशिवाय दुसरं काही विचारत होतं. मी तिला विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "मावशी, ज्यांचं अवधान जास्त, त्यांना दुखणं सोसायला सोपं जातं का, ते बघायचंय."

मी ऐकलं ते असं: ज्याला गुण जास्त, तो जगणार.

वाक्यं सगळी बेसावधपणाची होती. म्हणजे "कधीच नाही"ला सगळ्यात जास्त गुण. हे तिने सांगितलं नव्हतं, मी ओळखलं. लहानपणापासून परीक्षा देत आलेल्या माणसाला ते लगेच दिसतं. माझ्या कागदावर मी चौदाच्या चौदा फुल्या शेवटच्या खान्यात मारल्या. मग मुलगी म्हणाली, "थोरल्या मावशींचा चष्मा नाहीये, त्यांचा तुम्हीच भराल?"

मी वाचत गेले, अक्का सांगत गेल्या.

"जेवताना काय खाल्लं ते मला कळत नाही."

"कळत न्हाई कावून? आता तर एकेक घास लई कळतो. वर येताना बी कळतो."

बाकावरच्या बायका हसल्या.

"कोणी बोलत असताना माझं मन दुसरीकडे असतं."

"न्हाई. तू बोलत असलीस तर थोडं असतं."

परत हशा. मुलगीही हसली. मी पुढचं वाक्य जरा मोठ्याने वाचलं.

"पुढे काय होईल या विचाराने हातातलं काम राहून जातं."

"पुढचं पुढं. काम हाय तर करावं की."

त्या खोटं बोलत नव्हत्या. जे मिळवायला मी चौदा फुल्या खोट्या मारल्या, ते त्यांच्याजवळ आयतं होतं. या तिन्ही वाक्यांपुढे मी त्यांच्या कागदावर "नेहमी"च्या खान्यात फुली मारली. उरलेली अकरा त्यांनी सांगितली तशी लिहिली. कागद दिला आणि डबा उघडला. मला भूक नव्हती. अक्कांनी दीड भाकरी खाल्ली.

पुढच्या महिन्यात मुलीने कागद तपासून आणले होते. ज्यांनी दोन-तीन ठिकाणीही "नेहमी" लिहिलं होतं, अशा पाचसहा बायकांना ती मागच्या खोलीत बसवून अर्धा तास श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणार होती. अक्कांना तिने हाताला धरून आत नेलं. मला म्हणाली, "मावशी, तुम्हाला गरज नाही. तुमच्यासारखं उत्तर कुणाचंच नाही आलं."

मी बाहेर बाकावर दोघींच्या पिशव्या घेऊन बसले. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग हसण्याचा आवाज आला. तसे तीन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात दार अर्धवट उघडं होतं. अक्का डावा तळहात पुढे करून मुलीला काहीतरी दाखवत होत्या आणि ती आपला तळहात तसाच धरून बघत होती. मी पहिली आले होते आणि बाहेर होते.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसल्या. बिंदुसरेचं धरण आलं की त्या दर वेळी पाणी किती आहे ते बघायच्या, माहेरची शेवटची घरं जाईपर्यंत मान वळवून. त्या दिवशी बघता बघताच म्हणाल्या, "पोरगी म्हणती, श्वास येतो कसा जातो कसा ते बघा. म्या म्हणलं, बाई, आमी तर रोज तळहातावर बघतो. तिला दावलं."

मी मांडीवरच्या पिशव्या नीट केल्या.

"तू बी येत जा की आत."

"मला नाही बोलावलं. माझा कागद चांगला होता."

"आन् माझा तू बिघडवलास."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पाण्याकडेच बघत होत्या.

"पयल्या खान्यात मारल्यास की फुल्या. तीन. चष्मा न्हवता तरी हात कुठं जातो ते दिसतं."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुला पयला नंबर पायजे व्हता. घे म्हणलं. मला कुठं शाळंत जायचंय?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाणी कमी हाय औंदा."

पाटोद्यापर्यंत मला एकही गाव दिसलं नाही. त्यांनी माफ केलं होतं, आणि मला त्याचाही मत्सर वाटला. त्यांच्या जागी मी असते तर भर दवाखान्यात बोलले असते.

पुढच्या खेपेला मी मुलीला गाठून दोन्ही कागदांचं सांगितलं. माझा पहिला नंबर मला स्वतःच्या तोंडाने परत करावा लागला.  तिने गठ्ठ्यातून दोन्ही कागद काढून माझ्या हातात दिले. "हे आता मला वापरता येणार नाहीत, मावशी. पण तुम्ही आत येऊन बसा."

मी बसले. डोळे मिटा म्हणाली तेव्हा मिटले, आणि लगेच एक उघडून अक्कांनी मिटलेत का ते बघितलं. त्यांनी मिटले होते.

अक्का त्यानंतर आठ वर्षं जगल्या आणि गेल्या त्या हृदयविकाराने. आपल्या रीतीप्रमाणे त्यांचं लिंग त्यांच्या तळहातावर ठेवूनच त्यांना माती दिली. मी रोज सकाळी एकटीच बसते. शेजारी बघायला कुणी नाही, तरी मान तिकडे जाते.

ते दोन्ही कागद लोखंडी कपाटात, निळ्या फायलीत, विजेच्या बिलांच्या खाली आहेत. झेरॉक्सची अक्षरं फिकी झाली आहेत, माझ्या पेनाची शाई टिकली आहे. माझ्या कागदावरच्या चौदाही फुल्या खोट्या आहेत, अक्कांच्या कागदावरच्या तीन. त्यांच्या उरलेल्या अकरा खऱ्या आहेत.