महाराज नसते तर, आणि माझा टळलेला मुहूर्त

"महाराज नसते तर काय झालं असतं?" हा प्रश्न ज्यानं पहिल्यांदा काढला, त्या मेल्याचं तोंड मला एकदा बघायचं आहे. रायगडावरच्या महाराजांबद्दल माझी काही तक्रार नाही हो. तक्रार आहे ती मांडवात बसून त्यांच्यावर वाद घालणाऱ्यांबद्दल.

लग्न कल्याणात, आमच्याच दारी. मी आत गौरीहरापाशी तांदूळ वाहत बसलेली. बाहेर घंगाळात घटिकापात्र तरंगत होतं. भोकाची ती तांब्याची वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, आणि त्यावरून जोशीबुवा मुहूर्त सांगणार. त्यांच्या शेजारी माझे काका, ठाण्याच्या शाळेतले मास्तर, आणि माझे होणारे सासरे, वकील. दोघांची जुंपली. काका म्हणाले, महाराज नसते तर आपल्या खाडीत आरमाराची गलबतं बांधली गेली नसती, स्वराज्याचं नावही कुणी काढलं नसतं. सासरे म्हणाले, "छे हो! ते नसते तर दुसरा कुणी उभा राहिला असता. काळ आपला माणूस घडवून घेतो." जोशीबुवांनी मुकाट्यानं वाटीकडे बघावं की नाही? तेही तावातावानं मध्ये पडले, "दुसरा कोण? सांगा ना, कोण?"

वाटी कधी बुडाली, कुणाला पत्ता नाही! आई बाहेर आली तेव्हा ती घंगाळाच्या तळाशी जाऊन बसलेली. मग एकच धावपळ. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं कशीबशी उरकली, अक्षता पडल्या. मुहूर्त टळला तो टळलाच.

आणि खापर कुणावर? माझ्या काकांवर, म्हणजे माझ्यावर. सासरी दूध नासलं, मुहूर्त टळला म्हणून. गाय आटली, मुहूर्त टळला म्हणून. सासूबाई उठता बसता ऐकवायच्या. मामंजींचा जसा काही त्यात संबंधच नव्हता! ते ओटीवर सुपारी कातरत येईल त्याच्याशी तोच वाद घालायचे, आणि पानाचं तबक मी भरून पाठवायची. अस्सा संताप यायचा!

माझा पहिला मुलगा दात येताना तापानं गेला. "मुहूर्त साधला असता तर पोर जगलं असतं," सासूबाई म्हणाल्या. मी मामंजींकडे बघितलं. निदान आज तरी हे म्हणतील की, अगं, मुहूर्त आम्ही बुडवला, सुनेला कशाला बोलतेस. ते मात्र खाली बघत मलाच म्हणाले, "रडू नकोस. दुसरा होईल."

त्यांच्यासमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी दाराआड गेले नाही.

"होईल तो होवो, मामंजी," मी म्हटलं. "मला हा हवा होता."