बिल्ड मोडलं ती दुपार

उन्हात वाळणाऱ्या आमसुलांचा आंबूस वास आला, की मला पाली गावातल्या आमच्या घराच्या पडवीतली ती दुपार आठवते. मी घरूनच काम करायचे. टीममधले बाकीचे पुण्यात, चेन्नईत, दोघं तर परदेशात. प्रत्येकाने आपला कोड रोज एकत्र जोडायचा, असा नियम होता. पण अर्धवट काम कुणी बघू नये म्हणून मी माझं फीचर तीन आठवडे स्वतःपाशीच ठेवलं. त्या दिवशी जोडलं आणि बिल्ड मोडलं, म्हणजे सगळ्यांचा कोड मिळून बनणारं सॉफ्टवेअर तयारच होईना. सगळ्यांचं काम अडलं. चेन्नईची नुकतीच लागलेली मुलगी कॉलवर रडवेली होऊन म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार." ती दोन तास आपल्या कोडमध्ये चूक शोधत राहिली. चूक माझी आहे हे मला केव्हाच दिसलं होतं, तरी मी गप्प होते. अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटीपालटी करणाऱ्या आईने विचारलं, "काय गो, आज अशी गप्पशी?" तेव्हा कुठे मी माइक चालू केला. "तिचं नाही, माझं चुकलंय." टीम लीड एवढंच म्हणाले, "बरं. ते काढून घे, आणि यापुढे रोज थोडं थोडं जोड." पाच मिनिटांत बिल्ड चालू झालं. आता टीम मीच सांभाळते आणि बिल्ड कुणी मोडलं, असं कधी विचारत नाही. पण त्या मुलीची माफी मागायची मात्र राहूनच गेली.