समासातलं वाक्य

शेजारी बाळंतिणीला ओव्याची धुरी दिली, की त्या वासानं मला अजून चिडचिड होते. आरोग्य खात्याची आशाताई म्हणून मी घरभेटीला जायची, तेव्हा नांदगाव पेठेकडच्या एका घरात असाच धूर कोंडला होता. खिडकीला गोधडी, बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली. झोप येते का, जेवतेस का, मी तिला विचारायची आणि उत्तर तिची आई द्यायची. बाळाला झोळीत घालून वजनकाट्याला लावलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, हे लेकरू मायं वाटूनच नाही राह्यलं." "ओली बाळंतीण हाय, बोलते काहीबी. तुमी वजन लिवा," तिची आई म्हणाली. फॉर्मवर बाळाच्या वजनाला, तापाला, दुधाला रकाने होते. याला एकही नव्हता. मी ते वाक्य समासात लिहिलं. आमच्या वरच्या मॅडम वैतागल्या, "असा फॉर्म चालत नाही, नवा भरा." पुढच्या भेटीला ती एक शब्द बोलली नाही. तिची आई खुशीत म्हणाली, "पाहा, झाली ना नीट." तेव्हा मी त्या आईवर चिडले, मॅडमवर चिडले. आता धूर नाकात गेला की आठवतं, नवा फॉर्म मीच भरला होता, सुवाच्य अक्षरात, समास कोरा ठेवून.